मनात येईल ते मोठ्याने बोला

उन्मेष शेवडे शिमग्याला रत्नागिरीत आला तो चार दिवसांसाठी, चार शर्ट घेऊन. पालखी घरी येऊन गेली, नारळ वाढवून झाले, पुरणपोळ्या पोटभर झाल्या, आणि परतीची बॅग भरायला घेतली त्याच आठवड्यात सगळा देश बंद झाला. चार शर्ट असे किती टिकणार? मागील दारच्या दोरीवर खाऱ्या वाऱ्यात वाळून वाळून त्यांचे रंग उडाले, एकाचा खिसा दाराच्या कडीत अडकून फाटला, आणि झाडावरचे आंबे उतरवायची वेळ आली तेव्हा उन्मेष वडिलांचे शर्ट घालून वावरू लागला होता.

चिंतामणी शेवड्यांचे शर्ट टेरिकॉटचे, अर्ध्या बाह्यांचे, छातीवर दोन दोन खिसे असलेले. नोकरीत असताना एका खिशात पेन आणि दुसऱ्यात चष्मा असे, त्यामुळे बहुतेक शर्टांच्या डाव्या खिशाखाली शाईचा डाग होता. मुंबईच्या ऑफिसातल्या मुलींनी व्हिडिओ कॉलवर तो डाग पाहून, हा शर्ट कुठल्या ब्रँडचा, असं विचारलं होतं. आता मिळत नाही, असं उन्मेषने सांगितलं.

उन्मेष डिझायनर होता. मोबाइलच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं, अक्षर केवढं असावं, काय दाबल्यावर पुढे काय दिसावं, हे ठरवणं त्याचं काम. पण एवढं सगळं ऐकून घ्यायला आळीत कुणाला वेळ नव्हता. शेजारच्या ज्ञानेश्वरीकाकूंनी डिझायनर म्हटल्यावर त्याच्यापुढे ब्लाउजपीस ठेवला होता. आणि चिंतामणी मुलाची ओळख करून देताना "मुंबईला कंपनीत आहे" इथवर येऊन थांबत. कुणी फारच खोदून विचारलं तर "कॉम्प्युटरवर चित्रं काढतो" असं म्हणत, आणि ते अशा आवाजात, की ऐकणाऱ्याने पुढे विचारू नये. तीस वर्षं इमानेइतबारे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला मुलगा दिवसभर एक बटण डावीकडून उजवीकडे सरकवताना पाहून काय वाटत असेल, हे उन्मेषला कळत होतं. तरी ते मनाला लागायचं ते लागायचंच.

अशात त्याच्या साहेबांचा, सुजयचा फोन आला. त्यांच्या कंपनीने वयस्कर माणसांना घरबसल्या औषधं मागवता यावीत म्हणून एक ॲप बनवलं होतं. पडदे सगळे उन्मेषने केलेले. आता ज्यांच्यासाठी ते बनवलंय त्यांच्या हातात देऊन बघायचं होतं. एरवी हे काम मुंबईत काचेच्या खोलीत चाले. खोलीत आजी-आजोबा बसत, काचेपलीकडे गिऱ्हाईक कंपनीची माणसं बिस्किटं खात बघत. आता काचही बंद आणि बिस्किटंही बंद.

"तुझ्याकडे रत्नागिरीत वयस्कर माणसं मिळतील ना?" सुजयने विचारलं.

"तीच तर आहेत," उन्मेष म्हणाला. "बाकीची सगळी मुंबईत आहेत."

"मग शुक्रवारपर्यंत पाच जणांची रेकॉर्डिंग दे. आणि हे बघ, गिऱ्हाईक कंपनीच्या सावनी मॅडम आधीच काम थांबवायच्या गोष्टी करतायत. हे गेलं तर आपण सगळे घरी बसू. आणि ते वर्क फ्रॉम होम नसेल."

उन्मेषने त्याच दिवशी पुढच्या पडवीत प्रयोगशाळा उभी केली. पाहुण्याने एका टोकाला बसायचं, आपण दुसऱ्या टोकाला, मध्ये अंतर. पाहुण्याची बोटं दिसावीत म्हणून वरून कॅमेरा हवा. मुंबईत त्यासाठी जर्मन बनावटीचं स्टँड होतं. इथे आकाशकंदिलाचा हूक होता, आणि आजीच्या काळात दुधाचं भांडं मांजरापासून वाचवायला टांगत ते शिंकं होतं. उन्मेषने हुकाला शिंकं टांगलं, शिंक्यात मोबाइल पालथा निजवला आणि दोन पावलं मागे सरून कौतुकाने पाहिलं. जगातल्या कुठल्याही डिझायनरने हे केलं नसेल, असं त्याला वाटलं. ते खरंही होतं.

या प्रकारच्या चाचणीत एक नियम असतो. बसणाऱ्या माणसाने मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं. मुंबईची माणसं बुजतात, चांगलंचुंगलं बोलतात, त्यांना बोलतं करायला फार गोड बोलावं लागतं. त्या सवयीने उन्मेषने हा नियम आळीत सांगितल्याचा परिणाम काय होईल याचा विचार केला नाही.

सुरुवात आईपासून करून पाहिली. हेमाताई पदराला हात पुसत आल्या, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो. माझ्या उन्मेषने केलंय."

"आई, काय आवडलं नाही ते सांग."

"तू दुपारी नीट जेवत नाहीस ते." एवढं बोलून त्या फोडणी करपतेय म्हणून आत गेल्या. ही रेकॉर्डिंग पाठवण्यासारखी नव्हती.

मग आले सदूकाका. पलीकडच्या घरातले, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. टोपी घालून, मास्क लावून, अंघोळ करून आलेले.

"काका, परीक्षा तुमची नाही, ॲपची आहे. तुम्ही चुकलात तरी चूक आमची."

"म्हणजे मी चुकणार असं तुमी आधीच धरून चाललाव."

"तसं नाही हो. फक्त मनात येईल ते मोठ्याने बोला."

"सगळं?"

"सगळं."

"मागाहून तक्रार नाय ना?"

"मुळीच नाही."

सदूकाकांनी टोपी सारखी केली आणि मास्क हनुवटीखाली घेतला.

"अक्षर बारीक हाय. आमच्या तिकिटावरचं अक्षर याच्यापेक्षा मोठं, आणि ते चालत्या गाडीत उभ्याने वाचायचे लोक. हा हिरवा रंग आजारी माणसाला दाखवू नये. हे काय, गोळीचं चित्र? मला वाटलं वालाची शेंग. पुढे जातंय... उन्मेष, तुझे केस मागे विरळ झाले रे. तुझ्या वयात बापाचे बरे होते. लग्नाचं काय मनात हाय की नाय? बरं, पत्ता घाला म्हणतंय. पत्ता काय घालू, चिंतामणीने कुंपण हातभर माझ्यात सरकवलंय, तेवढा पत्ता माझा कमी झालाय. पंधरा पावसाळे मनात हाय ते, पण शेजारधर्म म्हणून बोललो नाय. आज तू बोल म्हणालास म्हणून."

माजघराची खिडकी धाडकन बंद झाली. आत चिंतामणी वर्तमानपत्र वाचत होते.

जाता जाता काकांनी विचारलं, "हे मुंबईला जाणार काय? कुंपणाचं तेवढं राहू दे हां त्यात."

रेकॉर्डिंग मुंबईला गेली. मात्र वाऱ्याने शिंकं डुलत राहिल्याने त्यात काकांची बोटं फारशी नव्हतीच. टोपी फार छान आली आहे, असं सुजयने कळवलं. उन्मेषने शिंक्याला चारी बाजूंनी सुतळ्या बांधल्या.

खरा घोळ पुढे झाला. सदूकाकांनी घरी जाताना ज्ञानेश्वरीकाकूंना दगडी गडग्यावरून सांगितलं, की आत काय काय विचारतात. ज्ञानेश्वरीकाकू म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या रत्नागिरीला त्यांनी गणित शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्या रत्नागिरीला, तुम्हाला गणित येणार नाही, हे पटवून दिलं होतं. आयुष्यात कुठल्याही परीक्षेला तयारीशिवाय बसायचं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी सदूकाकांकडून सगळे प्रश्न बटणांच्या जागांसकट काढून घेतले, घोकले, आणि एवढं करून गप्प बसतील तर त्या शिक्षिका कसल्या? ज्यांची ज्यांची पाळी होती त्यांना त्यांनी फोनवरून शिकवणी लावली.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. खुर्चीत ताठ बसल्या आणि उन्मेषचं वाक्य पुरं व्हायच्या आत खटाखट बटणं दाबून मोकळ्या झाल्या. "आधी उजवीकडे खाली, मग मधलं, मग हिरवं. तपासून बघायला वेळ आहे का?"

त्यांच्यानंतरचे आजोबा तर त्याहून तयार होते. तोंडाने पाढा म्हणावा तसं "उजवीकडे खाली, मधलं, हिरवं" म्हणत त्यांनी काम फत्ते केलं.

उन्मेषला अर्थातच आनंद झाला. आपलं डिझाइन इतकं सोपं असेल अशी त्याला स्वतःलाही कल्पना नव्हती. त्या दिवशी त्याने जेवताना दोनदा आमरस घेतला, आणि वडिलांकडे बघून "सगळे पास होतायत" असंही म्हणाला. चिंतामणींनी फक्त हुंकार दिला.

संध्याकाळी सुजयचा फोन आला. "अरे, त्या आजोबांनी चष्माच घातलेला नाही! ते वर कौलांकडे बघत बटणं दाबतायत! सावनी मॅडम विचारतायत, ही माणसं तू भाड्याने आणलीस का?"

उन्मेषचं तोंड एवढंसं झालं. अपमान गिळून त्याने पडद्यावरची बटणं हलवली, खालचं वर नेलं, मधलं कडेला टाकलं, आणि सगळ्यांना पुन्हा बोलावलं. अपेक्षेप्रमाणे सगळे नापास झाले. सदूकाकांनी औषधाऐवजी तीन वेळा मदतकेंद्राला फोन लावला. आजोबांनी तोंडपाठ केलेलं म्हणत बोट नेलं तिथे काहीच नव्हतं, तर त्यांनी उन्मेषकडे असं पाहिलं, की जणू बसायला गेलो आणि याने खुर्ची ओढली.

"हे शिकवलेल्यातलं नाही," ज्ञानेश्वरीकाकू म्हणाल्या. "आदल्या दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी भलतंच, असं चालत नाही. फेरपरीक्षा घ्यायला लागेल."

"काकू, परीक्षा ॲपची आहे हो!"

"मग नापास आम्ही कसे झालो?"

याचं उत्तर चाचणीशास्त्राच्या पुस्तकातही नसावं.

बेड्याबाहेर, म्हणजे अंगणाच्या फाटकाबाहेर, चांगली पाच-सात माणसं जमली. कुणाला फेरपरीक्षा हवी होती, कुणाची पहिलीच राहिली होती, एकाला नुसतंच मोठ्याने बोलायचं होतं, कारण महिनाभर घरात कुणी त्याचं ऐकून घेतलेलं नव्हतं. इतक्यात शिट्टी वाजली. आळीच्या दक्षता समितीचा दीपक आला. एरवी तो मोबाइलला कव्हरं घालून द्यायचा. दुकान बंद झाल्यापासून त्याच्या गळ्यात शिट्टी आली होती आणि आवाजात अधिकार.

"गर्दी कसली? परवानगी आहे?"

"अरे दीपक, मी उन्मेष. ऑफिसचं काम आहे माझं."

"ते मला दिसतंय. पण परवानगी अध्यक्षांची लागते."

"अध्यक्ष कुठेत?"

दीपकने घाम पुसला. "आत आंबे निवडतायत. तुझे बाबाच अध्यक्ष ना!"

उन्मेष आत गेला. चिंतामणी आढीत पिकत घातलेले आंबे दाबून दाबून बाजूला काढत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, की समितीचं काम ते घरात करत नाहीत, जे असेल ते दीपकमार्फत बाहेर यावं. उन्मेष पुन्हा बाहेर जाऊन दीपकशेजारी उभा राहिला. चिंतामणींनी हात धुतले, शर्टाची बटणं लावली, मास्क बांधला आणि बाहेर येऊन बेड्याच्या आतल्या बाजूला उभे राहिले.

"बाबा, उद्या शुक्रवार आहे. मला फक्त..."

"अध्यक्ष म्हण. इथे मी बाबा नाही."

"अध्यक्ष, उद्या शुक्रवार आहे. मला एक तरी खरी रेकॉर्डिंग द्यायची आहे. नाही दिली तर माझी नोकरी जाईल."

चिंतामणी म्हणाले, "साठीच्या वरच्या माणसांनी घराबाहेर पडायचं नाही, असं ठरलंय. ते त्यांच्या जिवासाठी ठरलंय. एकेक जण येत होता तोवर मी काणाडोळा केला, तेही चुकलंच. तुझ्यासाठी मोडलं तर उद्या प्रत्येकासाठी मोडावं लागेल. सदू, घरी जा. बाई, तुम्हीसुद्धा."

"आणि कुंपणाचं काय?" सदूकाकांनी विचारून घेतलं.

"तो विषय आज पटलावर नाही," अध्यक्ष म्हणाले आणि आत गेले.

उन्मेष पडवीच्या पायरीवर बसला. वडिलांचंच बरोबर होतं, याचं त्याला जास्त वाईट वाटत होतं. चुकीच्या माणसावर निदान रागावता येतं. सहा महिन्यांचं काम, चार जणांचे पगार, सगळं एका शिंक्याला टांगलेलं होतं आणि शिंक्याखालची खुर्ची रिकामी होती. मुंबईला परत जायला गाडी नाही आणि जाऊन बसायला ऑफिसही राहणार नाही, असं त्याला दिसायला लागलं.

हेमाताई दारात उभ्या राहून हे सगळं ऐकत होत्या. त्या आत वळून म्हणाल्या, "अहो, साठीच्या वरचे ना? घराबाहेर पडायचं नाही ना? मग तुम्ही साठीच्या वरचे आहात आणि घरातच आहात. बसा तुम्ही."

चिंतामणींनी नियमातली पळवाट शोधून पाहिली. नियम त्यांनी स्वतः केलेला असल्यामुळे पळवाट नव्हती.

शुक्रवारी सकाळी ते अंघोळ करून, इस्त्रीचा, डाग नसलेला शर्ट घालून पडवीत आले. शिंक्याकडे एकदा संशयाने पाहिलं आणि बसले.

"बाबा, समजा आईच्या गोळ्या संपल्यात. त्या मागवायच्या आहेत. आणि मनात येईल ते मोठ्याने बोला."

"मी मनातसुद्धा फारसं बोलत नाही."

"जेवढं बोलाल तेवढं."

मागे कावळा ओरडला. मग चिंतामणींनी घसा साफ केला आणि शाळेतल्या मुलाने धडा वाचावा तसं सुरू केलं.

"औषध कोणासाठी, असं विचारतात. दोन पर्याय आहेत. स्वतःसाठी. इतरांसाठी." त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "हेमा इतरांत कशी येईल?"

दाराआड बांगड्या वाजल्या. उन्मेषने ते पडदे केले तेव्हा 'इतरांसाठी' हा शब्द त्यानेच घातला होता, आणि तेव्हा तो त्याला फार नेटका वाटला होता.

"बरं, दुसरा इलाज नाही म्हणून इतर. गोळीचं नाव बरोबर आलं. पत्ता. शेवड्यांचं घर म्हटलं की पुरे, पण हे ऐकत नाही, सगळंच लिहायला लावतं. लिहिलं." त्यांचा अंगठा पुढे सरकला आणि अधांतरी राहिला. "आता हे हिरवं बटण. हे दाबलं की कुणीतरी घेऊन येणार. कोण येणार ते लिहिलेलं नाही. कोणाचा कोण, कुठल्या आळीतला, काही नाही. सध्या उन्मेष आणतो. मी सांगायच्या आत आणतो. पट्टी संपत आली म्हणून डबा उघडावा तर आत नवी पट्टी असते. त्यावर मी कधी काही बोललो नाही. काय बोलायचं?"

अंगठा तसाच होता.

"हा आहे तोवर हे यंत्र लागायचं नाही. हा गेला की लागेल. म्हणजे स्वतः इथे नसेल त्या दिवसांसाठी याने हे बनवलंय. मला वाटायचं, चित्रं काढतो. चांगलं बनवलंय. अक्षर थोडं मोठं हवं, सदूचं बरोबर आहे. पण हे बटण मी आज दाबत नाही. आज हा आहे."

त्यांनी मोबाइल खाली ठेवला, चष्मा काढला आणि पुसला.

"झालं? की अजून बोलायचंय?"

उन्मेष उठून शिंक्याच्या सुतळ्या उगाचच घट्ट करत बसला. ते काम त्याने पाठ फिरवून, बराच वेळ केलं.

"हे नको पाठवायला, बाबा," शेवटी तो म्हणाला. "म्हणजे... मी नाही पाठवत. हे घरातलं आहे."

"पाठव," चिंतामणी उठत म्हणाले. "कुंपण गेलंच आहे मुंबईला. हेही जाऊ दे."

दुपारी व्हिडिओ कॉल झाला. सावनी मॅडमनी आपला कॅमेरा बंद ठेवला होता. रेकॉर्डिंग संपल्यावर त्यांचा आवाज आला तो सर्दी झाल्यासारखा. 'इतरांसाठी' हा शब्द आजच्या आज काढा, म्हणाल्या. माणसांची नावं घालता आली पाहिजेत, आणि हिरवं बटण दाबायच्या आधी औषध कोण आणतंय त्याचा चेहरा, नाव, गाव दिसलं पाहिजे. पहिल्या आजोबांची टोपी बाजूला केली तर, अक्षर मोठं हवं, हे तेही सांगत होते. काम थांबवायचा विषय निघाला नाही. उलट दिवाळीपर्यंतचं नवं काम ठरलं.

"आणि उन्मेष," कॉल संपताना सुजय म्हणाला, "ऑफिसची अंधेरीची जागा आपण सोडतोय. ज्याला जिथून काम करायचंय तिथून करू दे, असं ठरलंय. बघ काय ते."

त्या संध्याकाळी चिंतामणी हातात टेप घेऊन कुंपणापाशी गेले. पलीकडून सदूकाका आले. दोघांनी आपापल्या बाजूला उभं राहून, मास्क लावून, मोजणी केली. सदूकाका ज्याला हातभर म्हणत होते ते वीतभरच निघालं, पण वीतभर निघालं हे चिंतामणींनी मान्य केलं आणि खुंट उपटून तेवढा आपल्या बाजूला रोवला. ज्ञानेश्वरीकाकूंनी आपल्या गडग्यावरून मोजणी तपासली आणि बरोबर असल्याचं सांगितलं.

मग बापलेक पडवीत बसले. शिंकं वर तसंच होतं, रिकामं.

"बाबा, मनात येईल ते मोठ्याने बोलू?"

"बोल."

"मी इथूनच काम करावं म्हणतोय. कायमचं."

चिंतामणी रस्त्याकडे बघत राहिले. आळीच्या टोकाला दीपकची शिट्टी वाजली, कुणीतरी पळालं.

"मग शिंपी दुकान उघडेल तेव्हा कापड टाक," ते म्हणाले. "किती दिवस माझे शर्ट घालणार आहेस?"

ते उठून आत गेले. कपाटाचं दार करकरलं. थोड्या वेळाने ते परत आले आणि घडी केलेला एक शर्ट त्यांनी उन्मेषच्या मांडीवर ठेवला. सकाळी त्यांनी घातलेलाच होता, पुन्हा इस्त्री केलेला.

"सोमवारी तुझी ऑफिसची मीटिंग असते ना? तोवर हा घाल. डागाचा नको."

आणि परत आंबे निवडायला आत गेले.